राखीव शब्द आणि बिनशेपटीची गाय

लेकराचं नाव ठेवायला आत्या लागते. कंप्युटरात नाव ठेवायला मी लागायचो. आमच्या सहकारी दूध संघात सव्वीस वर्षं मी संगणक विभाग होतो. 'विभागात होतो' असं लिहिलेलं नाही, नीट वाचा. विभाग होतो. खुर्ची एक, मशीन एक, पंखा एक, आणि त्या पंख्याचंही तोंड मशीनकडं. मी तापलो तर कोणाचं काही अडत नव्हतं; मशीन तापलं की अख्खा संघ अडायचा. या सव्वीस वर्षांत मी जेवढी बारशी उरकली, तेवढी बीड जिल्ह्यातल्या समद्या आत्यांनी मिळूनसुद्धा उरकली नसतील. वाढवून सांगतोय असं वाटेल. सांगतोय, पण थोडंच.

बाहेरच्या माणसाला हा धंदा कळत नाही, म्हणून आधी सांगून टाकतो. प्रोग्राम म्हणजे मशीनला द्यायच्या हुकमांची यादी. मशीन लई आज्ञाधारक आणि तेवढंच मठ्ठ. त्याला दूध दिसत नाही, गाय दिसत नाही, चेअरमनसुद्धा दिसत नाही. त्याला दिसतात खोकी. एका खोक्यात सकाळचं दूध, दुसऱ्यात संध्याकाळचं, तिसऱ्यात त्यात घातलेलं पाणी. (हे तिसरं खोकं मी गुपचूप ठेवलं होतं.) प्रत्येक खोक्याला नाव द्यावं लागतं, आणि त्या नावाचे कायदे सहकार कायद्याहून कडक. सहकार कायद्यात पळवाट असते. तिच्यातून सुखरूप बाहेर पडलेली माणसं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. या कायद्यात पळवाट नाही.

नाव इंग्रजी अक्षरांत लिहायचं. पहिलंच अक्षर आकडा असून चालत नाही. 'सात नंबर गोठा' असं सातानं सुरू झालेलं नाव दिलं, की मशीनला वाटतं हिशेब आला, आणि ते पुढचं ऐकतच नाही. नावाच्या मधे जागा सोडायची नाही. सोडली तर मशीन म्हणतं, ही दोन माणसं आहेत. अगदीच जोडायचं असलं तर दोन शब्दांच्या मधे खालच्या अंगाला एक आडवी रेघ ओढायची. आणि नाव दहा अक्षरांचं. मी ज्या भाषेत काम करायचो (तिचं नाव घेत नाही, ती माझ्याआधी निवृत्त झाली), ती भाषा दहा अक्षरं वाचायची आणि अकराव्या अक्षराला डोळे मिटायची.

या डोळे मिटण्यानं माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी दंगल व्हायची राहिली. आमच्या भागात पिंपळगावांना तोटा नाही. संघाला दूध घालणारी दोन होती, एक बुद्रुक आणि एक खुर्द. इंग्रजीत पिंपळगाव लिहिलं की बरोबर दहा अक्षरं भरतात. मोजा हवं तर. म्हणजे मशीननं पिंपळगाव वाचलं आणि डोळे मिटले. बुद्रुक-खुर्द त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. सकाळी बुद्रुकचं दूध खोक्यात गेलं, मग त्याच खोक्यात खुर्दचं गेलं आणि बुद्रुकचं पुसलं गेलं. ज्या दोन गावांत आजोबांच्या काळापासून ओढ्याच्या पाण्यावरून बोलचाल बंद होती, ती मी एका सकाळी एक करून टाकली. दोन्ही सरपंच माझ्या टेबलाशी आले. आधी माझ्याशी भांडले, मग एकमेकांशी भांडले, मग माझ्याशी आधी भांडायचा मान कोणाचा यावरून भांडले. मी 'बु' आणि 'खु' गावाच्या नावाच्या आधी आणून मोकळा झालो. बुद्रुकचं नाव यादीत आधी कावून, म्हणून खुर्दवाले रुसले ते रुसलेच.

आता राखीव शब्द. एसटीत पुढच्या एका सीटवर 'विधानसभा सदस्य' असं लिहिलेलं असतं. बीड ते गेवराई मी हजारदा गेलो असेन. त्या सीटवर आमदार बसलेला मला कधी दिसला नाही. पण तुम्ही बसलात आणि कंडक्टर खवट निघाला, तर तुमचं उठणं ठरलेलं. शब्दांचंही तसंच. जा, थांब, छाप, जर, नाहीतर, अशा अर्थाचे काही इंग्रजी शब्द मशीननं स्वतःसाठी राखून ठेवलेले असतात. ते त्याचे हुकमाचे शब्द. आपल्या खोक्याला त्यातलं नाव द्यायचं नाही. दिलं, तर मशीन त्याला नाव समजत नाही, हुकूम समजतं.

आमच्या संघातही राखीव शब्द होते. 'सर्वानुमते' हा एक. 'अप्पा' हा दुसरा. अप्पा म्हणजे आमचे चेअरमन. एवढ्या मोठ्या संघात दुसऱ्या कोणाला अप्पा म्हणायची पद्धत नव्हती. शिपायाचं नाव खरोखरच अप्पा होतं, त्याला सगळे 'ओ भाऊ' म्हणायचे.

तर दुष्काळ पडला. विहिरीत डोकावलं तर आपलंच तोंड दिसायचं बंद झालं होतं. संघानं उमापूरच्या वाटेवर माळावर चारा छावणी काढली. उसाचं वाढं यायचं, टँकरनं पाणी यायचं, आणि गावोगावची जनावरं दावणीला उभी. सरकारची अट एकच: रोज मशीनवर छापलेली यादी पाहिजे. मालकाचं नाव, गायी किती, बैल किती, म्हशी किती. हातानं लिहिलेल्या याद्यांमध्ये मेलेल्या म्हशी दोन-दोनदा चारा खातात, असं म्हणे कोणाच्या तरी ध्यानात आलं होतं. त्यामुळं माझं मशीन, माझा पंखा आणि मी, तिघंही टेम्पोत बसून माळावर आलो. ताडपत्रीचा मंडप, बाहेर जनरेटर, आणि आत मी, घामानं न्हालेला संगणक विभाग.

पहिल्याच दिवशी अप्पा मागं येऊन उभे राहिले.

"गायीला काय नाव ठिवलंस बे?"

"जी, ए, आय. गाय."

अप्पांनी चष्मा वर केला, खाली केला. "ह्ये तर गई झालं. हिंदीत गई. म्हंजे गेली! छावणीच्या कागदावर गाय गेली असं लिव्हतूस? पांढऱ्या पायाचा हायस का बे तू?"

"मग काय लिहू, अप्पा?"

"गो लिव्ह. गोमाता, गोसेवा, गोरस. जी, ओ. दोन अक्षरात काम."

"अप्पा, गो राखीव शब्द हाय. मशीनच्या भाषेत गो म्हणजे जा."

"आपल्या छावणीत विंग्रजी गायी हायत का?"

"सतरा जर्सी हायत."

"त्यान्ला आता मराठी कळती. गो लिव्ह. माझा शब्द हाय."

मी मधोमध अडकलो. एकीकडं मशीनचा राखीव शब्द, दुसरीकडं अप्पांचा शब्द. मी दोन मिनिटं जनरेटरकडं बघत बसलो आणि मग एक युक्ती केली, जिच्यासाठी दुसऱ्या देशात मला पदक मिळालं असतं. 'गो'च्या पुढं खालच्या अंगाला एक आडवी रेघ ओढली. रेघ ओढली की मशीनच्या लेखी तो शब्दच दुसरा. राखीव राहात नाही. अप्पांना गो दिसलं, मशीनला दुसरंच काही दिसलं, दोघंही खूष. अप्पांनी विचारलं, "ही रेघ कसली?" मी म्हणालो, "शेपूट." अप्पांनी मान डोलावली. गायीला शेपूट असतंच, त्यात विचारण्यासारखं काय होतं!

पंधरा दिवस सगळं सुरळीत चाललं. यादीत त्र्याऐंशी मालक झाले. मग चौऱ्याऐंशीवी आली कोंडाबाई.

कोंडाबाई शिंगाडे साठीच्या पुढची. घर पिढ्यान्‌पिढ्या गुरं राखणारं. हातात काठी, डोक्यावर पदर, आणि मागं नव्हे, पुढं अकरा लाल गायी. ती त्यांच्या मागून चालत आली होती. छावणीत एका घराची पाचच जनावरं घ्यायचा नियम होता. मी तो सांगितला.

"बरं," ती म्हणाली. "मंग सहा कोणत्या सोडू, त्ये तूच सांग. नावं सांगते. तांबी, मोरी, हरणी, चांदी, बिजली, रतन, कपिला, पवळी, सोनी, गुंजी आन् ती कडंची खोडकर, ती भिंगरी."

मी नावं ऐकली आणि धंद्याच्या सवयीनं तपासली. एकही दहा अक्षरांच्या वर नाही. एकही आकड्यानं सुरू होत नाही. एकही दुसरीसारखं नाही.

"मावशी, नावं लई चांगली ठिवलीत."

"चांगली कसली? येगळी ठिवलीत. हाक मारली तर एकीनंच यावं. दोघी आल्या तर मारकुटं व्हतंय."

हे वाक्य मला शहरातल्या वर्गात सहा महिने शिकवलं होतं आणि त्याचे पैसे घेतले होते.

अप्पांनी तिचं ऐकलं. त्यांचे दोष मी वर सांगितले, गुणही सांगतो: ते त्याच दुपारी तालुक्याला गेले आणि परवानगी घेऊनच आले. पण परवानगीला अट. उद्या बारा वाजता नायब तहसीलदार तपासणीला येणार. छापील यादीत कोंडाबाईचं नाव अकरा गायींसकट दिसलं तर अकराच्या अकरा राहतील. नाही दिसलं तर उद्याच दावण सोडायची. दावण सोडली तर पुढं काय, ते माळावरच्या कुत्र्यालाही कळत होतं. दुसऱ्या दिवशीच गुरांचा बाजार होता आणि व्यापारी दोन दिवसांपासून रस्त्याच्या कडेला येऊन बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्यासाठी प्रोग्राममध्ये चार नव्या ओळी घातल्या. पाचापेक्षा जास्त गायी असलेला मालक आला, की मशीननं त्या ओळींवर जायचं. असा मालक एकच होता. अकराच्या सुमारास मी छापायचा हुकूम दिला आणि चहा घ्यायला उठलो.

प्रिंटर किरकिर करत सुरू झाला. एक ते त्र्याऐंशी छापले. मग चौऱ्याऐंशीच्या जागी परत अकरा आला. बारा आला. तेरा आला. त्र्याऐंशीपर्यंत गेला आणि परत अकरा. तेव्हाचा कागद एकाला एक जोडलेला, घड्याघड्यांचा. तो टेबलावरून जमिनीवर आला, जमिनीवरून मंडपाबाहेर गेला. मी चहा टाकून धावलो तोवर एका जर्सीनं त्याचं टोक तोंडात धरून चावायला घेतलं होतं. मी बटण दाबलं नसतं तर तो कागद नारायणगडाच्या पायऱ्या चढला असता.

अकरा नंबरचा मालक दत्तोबा कागद उचलून आला. "सायेब, माझं नाव सहा येळा आलंय. मला सहा वाट्यांचं वाढं पायजे."

"दत्तोबा, गप बस."

"सरकारी कागद हाय!"

आणि या सगळ्या कागदात कोंडाबाई कुठंच नव्हती. मशीन तिच्या नावापर्यंत यायचं, तिच्या गायी वाचायचं, आणि तिचं नाव छापायच्या आत तिथून पळून जायचं.

मला तेव्हाच कळलं. त्या नव्या ओळींत कुठंतरी किंवा घाईत दुसरीकडं कुठं हात लागला असेल तिथं, मी 'गो'ला शेपूट लावायला विसरलो होतो. मला म्हणायचं होतं, 'गायी अकरा'. बिनशेपटीचा गो राखीव निघाला, मशीननं ऐकलं, 'जा अकराकडं'. ते इमानदारीनं अकरा नंबरच्या दत्तोबाकडं गेलं, तिथून एकेक करत परत कोंडाबाईकडं आलं, परत तिच्या अकरा गायी वाचल्या, परत दत्तोबाकडं गेलं. कोंडाबाईच्या दावणीला गायी अकराऐवजी सात असत्या, तर ते सात नंबरकडं गेलं असतं, एवढाच फरक.

नव्या चारही ओळी मी वाचल्या. ठीक दिसल्या. मग सगळा प्रोग्राम वरून वाचायला घेतला. हिरवी अक्षरं, काळा पडदा, शेकड्यांनी ओळी, आणि सगळीकडं गो, गो, गो. ती बारकी रेघ पडद्यावर पार खालच्या काठाला, कुठं दिसते, कुठं धूळ वाटते.

साडेअकराला जीप आली. नायब तहसीलदार वेळेआधी येणारे निघाले. असे अधिकारी फार त्रास देतात. त्यांनी यादी मागितली. अप्पांनी त्यांना पाणी दिलं, मग सरबत दिलं, मग जर्सी गायी दाखवायला नेलं, मग त्याच जर्सी दुसऱ्या बाजूनं दाखवल्या. शेवटी साहेब मंडपात आले.

"अकरा गायींची परवानगी कोणाची?"

"माझी," कोंडाबाई दारातून म्हणाली.

"यादीत नाव?"

मी म्हणालो, "निघतंय साहेब. मशीन जरा..."

"बारा वाजेपर्यंत थांबतो," ते म्हणाले. कडवट नाही, साधं म्हणाले. "बारानंतर मला लिहावं लागेल."

दहा मिनिटं. कोंडाबाई आत आली आणि माझ्या खांद्यामागं उभी राहिली.

"काय हुडकतूस?"

काय सांगणार? पण माणूस बुडायला लागला की कोणालाही काहीही सांगतो. "मावशी, ही दोन अक्षरं दिसतात? ही गाय. तिच्या मागं खाली रेघ आहे ना, ते शेपूट. या सगळ्यांत एक गाय बिनशेपटीची घुसली आहे. तिनं तुमचं नाव खाल्लं."

"बांडी म्हण की." शेपूट तुटलेल्या गायीला आमच्याकडं बांडी म्हणतात. "सरकव."

मी पान सरकवलं. ती वाकून बघत होती, पण मी बघतो तसं नाही. मी प्रत्येक ओळ डावीकडून, तोंडाकडून वाचत होतो. तिची नजर शब्दांच्या मागच्या टोकांवरून चालली होती.

"सरकव. सरकव. हळू. तुमी शिकलेली माणसं तोंडाकून मोजता. राखणाऱ्यानं मागून मोजायचं असतंय. कळप म्होरं चालतो, आपल्याला शेपट्याच दिसत्यात. सरकव... थांब!"

काठीचं टोक पडद्याला लागता लागता राहिलं.

"ही बांडी."

मी पाहिलं. नवव्या पानावर, नव्या चार ओळींतली तिसरी. मी ती ओळ चार वेळा वाचून 'ठीक' म्हणालो होतो. मी रेघ लावलीच होती, पण एका जागी ती शेजारच्या शब्दाला चिकटली होती आणि माझ्या डोळ्याला ती गायीचीच वाटत होती. कोंडाबाईला अक्षर येत नव्हतं. तिला एवढंच दिसलं की शेपूट आहे, पण त्या गायीचं नाही.

मी रेघ जागेवर आणली. छापायचा हुकूम दिला. एक, दोन, तीन. दत्तोबा अकरा नंबरला फक्त एकदा आला आणि तोंड पाडून निघून गेला. ऐंशी. एक्क्याऐंशी. ब्याऐंशी. त्र्याऐंशी. प्रिंटर क्षणभर थांबला. मग त्यानं चौऱ्याऐंशी छापलं.

साहेबांनी कागद फाडून घेतला, बाहेर जाऊन अकरा गायी मोजल्या, दोनदा मोजल्या आणि सही केली. मग विचारलं, "हे गोच्या पुढं काय आहे?"

"शेपूट हाय सायेब," अप्पा छाती काढून म्हणाले. "आमच्या मशीनमधी पुरी गाय असती."

पाऊस पडल्यावर छावणी मोडली. जनावरं आपापल्या गावी गेली. त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत अप्पांनी माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, आणि हातात माईक. आता मला माईक देणं म्हणजे काय, हे तुम्हाला इथवर कळलंच असेल. मी गोष्ट सांगायला लागलो. साहेबांच्या हातात घड्याळ होतं, ते आता बंदूक होण्याच्या बेतात आलं. जर्सीनं कागदाचा तुकडा चावला होता, तिनं आता अख्खं बंडल गिळलं. आणि बिनशेपटीची गाय मी हजार ओळींतून एका नजरेत हुडकली. सभेनं टाळ्या वाजवल्या. मी शाल सारखी केली.

बायकांच्या बाजूला कोणीतरी उभं राहिलं.

"आन् मी काय तवा शेण भरत हुते व्हय रं?"

सभा हसली. माझ्या अंगावरची शाल एकदम टोचायला लागली. अप्पांनी माझ्या हातातून माईक घेतला. "बाई, इषयपत्रिकेवरचं बोला."

"ह्योच इषय हाय. माझ्या गायींचा हाय. बांडी कुणी हुडकली, त्ये सांगू द्या त्याला."

अप्पांनी माईक परत माझ्या हातात दिला. ते चेअरमन होते. कोणता माईक कधी सोडून द्यायचा हे त्यांना कळत होतं.

"मावशीनं हुडकली," मी म्हणालो.

"मावशी कोन? मला नाव न्हाई? लोकांच्या खोक्यांची नावं ठिवतूस, गायीला शेपूट लावतूस, आन् माझंच नाव गाळतूस. येकदा मशीननं गाळलं, येकदा तू. मशीनला अक्कल न्हवती. तुला?"

मी चाळीस वर्षांचा होतो, पण त्या दिवशी मी माईकमध्ये शाळेत हजेरी द्यावी तसा बोललो. आजही या पानावर तेच परत लिहितो, म्हणजे छापलेलं राहील. मी म्हणालो, "चौऱ्याऐंशी. कोंडाबाई शिंगाडे. बांडी त्यांनी हुडकली. गायी अकरा."

"तेरा," ती खाली बसता बसता म्हणाली. "दोन व्याल्या. नीट लिव्ह."